खुर्चीकडे तोंड करून

कल्पना करा, तुमच्या हातात वाफेची इस्त्री आहे आणि समोर गडद निळा लोकरी ब्लेझर. इस्त्री त्यावर थेट टेकवायची नाही. लोकर चकाकते, आणि ती चकाकी मग जात नाही. आधी ओलं सुती फडकं अंथरायचं, दाबायचं, उचलायचं. ओढायचं नाही. फडक्यातून पांढरी वाफ निघते. खिडकीबाहेर जगबुडी नदीवरून चढलेलं धुकं असतं. थोड्या वेळानं आपण खोलीत आहोत की ढगात, हेच कळेनासं होतं. आणि त्या ढगात भिंतीपलीकडून एक कोवळा आवाज येतो, "मिस्टर स्पीकर, सर!"

दर शनिवारी सकाळी सगुणा त्या ढगात उभी असे.

खेडच्या वरच्या अंगाला, टेकडीवर ती शाळा. मुंबई-पुण्याच्या मोठ्या घरांतली मुलं तिथं राहून शिकत. इस्त्रीची खोली सभागृहाला चिकटून होती आणि शनिवारी सभागृहात मुलांची संसद भरे. सगुणाला इंग्रजी येत नव्हतं, पण बोलण्याची चाल कळे. आधी कुणाला तरी हाक, मग क्षणभर थांबणं, मग धबधबा. इस्त्री दाबता दाबता तिचे ओठ हलत. ढगात एक मोठी सभा भरे आणि त्या सभेत ती उभी असे. काय बोलायचं ते मात्र तिला अजून सुचलेलं नसे.

बाहेरच्या व्हरांड्यात शाळेच्या जुन्या मुलांचे फोटो होते. आमदार, खासदार, एक मंत्रीसुद्धा. शाळेनं अलीकडे मुली घ्यायला सुरुवात केली होती, पण त्या भिंतीवर अजून एकही बाई नव्हती.

निशिगंधा त्या मुलींतली. ब्लेझर न्यायला यायची आणि गप्पांना बसायची.

"ते सगळे कुणाला हाक मारतात गो?" सगुणानं एकदा विचारलं.

"खुर्चीला, मावशी. बोलणारा कितीही मोठा असो, खुर्चीकडे तोंड करूनच बोलायचं."

"नि तू कवा बसतेस खुर्चीत?"

"मी? मी बाजूला बसून लिहून घेते सगळ्यांचं, शेवटी वाचून दाखवते. सर म्हणतात, तुझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात नाही."

"इथं तर भिंतीतून येतो की!" सगुणा म्हणाली आणि दोघी हसल्या.

त्याच वर्षी टेकडीखाली सगुणाच्या गावात सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं. सगुणाचा नवरा दीपक मुंबईला. इथलं सगळं धाकटा दीर बाळा बघायचा. तो म्हणाला, "वहिनींना उभं करू. म्हणजे सरपंचपद घरातच राहील." सगुणा उभी राहिली आणि निवडूनही आली. शाळेच्या मोठ्या सरांनी हात जोडले. "सगुणाबाई, आता तुम्ही आमच्या टेकडीच्याही सरपंच!" मग जाता जाता म्हणाले, "तेवढे सभागृहाचे पडदे उद्यापर्यंत होतील ना?"

सव्वीस जानेवारीला ग्रामसभा होती. आदल्या दिवशी बाळा चहा पिता पिता म्हणाला, "वहिनी, तुम्ही नुसत्या बसा. बोलायचं मी बघतो. शेवटी मान हलवा, बस."

"मला एक बोलायचं हाय, भावोजी."

"काय ते मला सांगा, मी बोलतो."

तिनं सांगितलं नाही. आता तिला सुचलं होतं. तिची ईशा सातवीत होती. गावची शाळा सातवीपर्यंतच. पुढे खेडला जायचं, तर शाळेच्या वेळेला एसटी नाही. मुलगे कुणाच्याही गाडीवर मागे बसून जात. मुली घरी राहत. काजूच्या कारखान्यात जात, नाहीतर लग्न होऊन जात. सगुणाही सातवीनंतर अशीच घरी राहिली होती. सकाळची गाडी हवी, एवढंच तिला बोलायचं होतं.

देवळासमोर मांडव घातला होता. वर आंब्याला मोहोर आलेला, त्याचा वास सभेभर पसरलेला. ग्रामसेवकानं मागचं इतिवृत्त वाचलं. बाळा घसा खाकरून उठणार, इतक्यात सगुणाच उठली.

आणि तिला पुन्हा तो ढग दिसला. तिनं मागे वळून लाल प्लास्टिकच्या खुर्चीकडे तोंड केलं, गावाकडे पाठ केली, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माननीय अध्यक्ष महाराज!"

 बायकांतून काशीआतेचा आवाज आला, "अगो सगुणा, कुणाला बोलवतेस? त्या खुर्चीत तूच होतीस नाय का!"

मांडव हसून हसून हलला. बाळाही हसत पुढे आला. "ऱ्हावद्या वहिनी, दमलात. मी सांगतो." बोलता बोलता त्यानं खुर्चीच्या पाठीला हात घातला.

सगुणा अजून खुर्चीकडेच बघत होती. ती खरंच रिकामी होती. उन्हाचा एक कवडसा तिच्यावर येऊन बसला होता, आणि आता तिथं बाळा बसणार होता. सगुणानं पदर खोचला आणि झटक्यात ती स्वतःच बसली.

"भावोजी," ती म्हणाली, "बोलायचं असंल तर समोर जा. खुर्चीकडे तोंड करून बोलायचं असतं."

"आता बोल गो बाय!" काशीआते ओरडली.

सगुणा बोलली. सकाळच्या एसटीचं बोलली, ईशाचं बोलली, स्वतःच्या सातवीचं बोलली. धबधबा काही झाला नाही. मध्ये दोनदा अडली. पण ठरावाला आधी बायकांचे हात वर गेले, मग पुरुषांचे. बाळाचा सगळ्यांत शेवटी, कान खाजवल्यासारखा.

पुढच्या शनिवारी निशिगंधा ब्लेझर न्यायला आली, तेव्हा सगुणानं तिला सगळं सांगितलं. हसून हसून पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मस्करी नको गो, एक सांग," सगुणा म्हणाली. "बोलताना माझी नजरच ठरेना. घडीत आंब्याकडं, घडीत भावोजींकडं. बोलणारे खुर्चीकडं बघतात. मग खुर्चीतल्यानं कुठं बघायचं?"

निशिगंधानं ब्लेझर हातावर घेतला. "मला नाही माहीत, मावशी. मी कधी बसलेच नाही."

पलीकडून हाक आली, "मिस्टर स्पीकर, सर!" सगुणानं फडकं अंथरलं. वाफ वर चढली आणि त्या वाफेत व्हरांड्यातले फोटो एकेक करून तरंगू लागले. एवढे सगळे त्या खुर्चीत बसून गेले. बोलताना ते कुणाकडे बघत असतील?