डालगं उचलायची घाई

आत्याबाई गेल्या त्याला आज पाच आठवडे झाले. त्या दिवशी सकाळी मी अंगणवाडी सेविकांच्या बैठकीला परभणीला निघाले, तेव्हा त्या अंगणात बाजेवर बसल्या होत्या. ‘येताना कणी आण, भुरीचं दाणं संपलंय,’ एवढंच म्हणाल्या. भुरी म्हणजे त्यांची कोंबडी. कणीची पिशवी मांडीवर घेऊन मी परतीच्या बसमध्ये बसले होते, पिंगळीच्या अलीकडे यजमानांचा फोन आला, ‘आई गेली गं...’ मी काय बोलले ते आता आठवत नाही. पिशवी तेवढी घट्ट धरून ठेवली होती. घरी पोचले तर भुरी त्याच बाजेखाली बसलेली होती.

आत्याबाई माझ्या सासू. मी या घरात दुसरेपणाची म्हणून आले. यजमानांची पहिली बायको आजारपणात गेली होती आणि मागे आठ वर्षांची सुजाता होती. लग्नाआधी मी मनाशी ठरवलं होतं की महिन्याभरात ही पोर मला आई म्हणेल. मला प्रत्येक गोष्टीची अशीच घाई. रोज तिला वेण्या घालायला बसवायचे, तिच्या आवडीचं करून वाढायचे. ती निमूट खायची आणि अंगणात निघून जायची. तिथं तिची तांबडी होती. तिच्या आईनं पिल्लापासून वाढवलेली ही कोंबडी. त्या वर्षी मानमोडीच्या साथीनं बाकीच्या साऱ्या मेल्या आणि ही एकटीच राहिली होती.

एकटी कोंबडी झुरते म्हणून आत्याबाईंनी बाजारातून दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, आणल्या आणि अंगणातच बांबूच्या डालग्याखाली झाकून ठेवल्या. तांबडी दिवसभर त्या डालग्याभोवती फिरायची, फटीतून चोच मारायची. पाचव्या दिवशी घरात कुणी नव्हतं. आत कोंडलेल्या त्या दोघींची मला दया आली आणि मी डालगं उचललं. काय होतंय हे कळायच्या आत तांबडीनं एकीचा तुरा फोडून रक्तबंबाळ केला. तेवढ्यात सुजाता शाळेतून आली. तांबडीला कवेत धरून माझ्याकडे बघत म्हणाली, ‘ही माझ्या आईची हाय. हिला कुणी नको.’ ती कोंबडीबद्दलच बोलत होती, मला कळत होतं. तरी मी चुलीपुढं जाऊन रडले.

आत्याबाई मला रागावल्या नाहीत. जखमेला हळद लावता लावता म्हणाल्या, ‘तुला लय घाई हाय बघ. तिला आदी बघू तर दे, कोण आलंय ते. तिचं घर हाय ते.’ पुन्हा आठ दिवस डालगं झाकलं. दाणे मात्र त्या रोज डालग्याच्या जरा जवळ टाकायच्या, म्हणजे आतल्या दोघी आणि बाहेरची तांबडी समोरासमोर टिपत. नवव्या दिवशी तिन्हीसांजेला त्यांनी तिघींचा वास एक व्हावा म्हणून पंखांना चुलीतली राख चोळली आणि खुराड्यातल्या आडव्या लाकडावर शेजारी शेजारी बसवलं. ‘अंधारात कोंबडीला दिसत न्हाई. सकाळी डोळे उघडले की वाटतंय, ह्या हितल्याच हाईत.’ सकाळी तिघी एकामागून एक खाली उतरल्या. तांबडीनं एकदोनदा टोचलं, पण ते नावाला.

यजमान एसटीत वाहक. त्यांची मुक्कामी गाडी असली की आम्ही तिघी बाहेरच्या खोलीत झोपायचो. एका कडेला सुजाता, एका कडेला मी आणि मध्ये आत्याबाईंची वाकळ. असे तीन-चार महिने गेले. मग एका सकाळी जाग आली तर सुजाताचा पाय माझ्या अंगावर होता आणि आत्याबाई दारापाशी झोपल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, ‘हितं वारं लागतंय चांगलं.’ दिवस ऐन थंडीचे. मला शंका यायला हवी होती, पण मी त्या पायाच्या वजनातच इतकी खूश होते की पुढं विचारलंच नाही. त्या दिवसापासून त्यांची जागा दारापाशीच. सुजातानं मला आई म्हणायला पुढं आणखी वर्ष घेतलं.

आता सुजाता परभणीत नर्स आहे. आजीच्या पुण्यानुमोदनाला आली आणि रजा वाढवून राहिली. भुरी एकटीच पडलेली बघून तिनं परवा दोन तलंगा आणल्या, डालग्याखाली ठेवल्या आणि मला बजावलं, ‘आई, आठ दिवस हात लावू नको. तुला घाई असते.’ मला हसू आलं. मग दाणे टाकता टाकता ती सहज म्हणाली, ‘आजीला दारात लय थंडी वाजायची गं. त्याच्या आदी झोपताना रोज कानात विचारायची, आज सरकू का मी? मी न्हाई म्हणायचे. मग ती मधीच झोपायची. एक दिवस मी म्हणलं, सरक.’

इतकी वर्षं मला वाटत होतं, ती पोर झोपेत माझ्याकडे लोळत आली...

डालगं उचलायला अजून पाच दिवस आहेत. आत्याबाईंची वाकळ दारापाशी घडी करून ठेवली आहे. थंडी वाढली आहे आणि माझी जाऊ दोनदा म्हणाली की ती आत ठेव, पण मी वाकळीला हात लावलेला नाही.