गिरणीवाल्या काकांचा डावा बैल

माझ्या लॅपटॉपवर 'नवीन' नावाचं एक फोल्डर आहे. त्यात 'नवीन २' आहे, त्यात 'हेच खरं' आहे आणि 'हेच खरं'च्या पोटात 'हे नको पण असू दे' नावाचं आणखी एक आहे. फोटो काढायचा छंद मला खामगावला कॉलेजात आल्यावर लागला. फोटो नीट लावून ठेवायचा छंद काही लागला नाही. पुसायची तर माझी हिंमतच होत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे न समजलेली कुठलीही गोष्ट पुढे परीक्षेत येईल असं मला वाटत राहतं आणि मी ती जपून ठेवतो.

हे असंच चाललं असतं, पण यंदा पोळ्याला मी सेकंडहँड कॅमेरा घेऊन गावी गेलो. गाव संग्रामपूर तालुक्यात. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या आणि मी सातशेच्या वर फोटो काढले. लोक विचारू लागले, आमचा काढला का, आमचा दाखव. बाबा एरवी चार माणसांत बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र ते पाराच्या कठड्यावर चढले आणि म्हणाले, "गणपती बसायच्या आत ज्याच्या त्याले आपापल्या जोडीचा फोटो भेटन. माह्या पोराले येते थे."

मला ते येत नव्हतं. गावात एक्केचाळीस जोड्या होत्या, आणि पोळ्यापासून गणपतीपर्यंत मधे दिवस होते तीन. बाबांनी माझ्या भरवशावर दिलेला हा पहिलाच शब्द. तो खोटा ठरला असता तर पारावर मला कोणी काही म्हटलं नसतं, बाबांना म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी अमडापूरच्या मित्राला फोन केला. खामगावला आम्ही एकाच खोलीत राहतो आणि संगणकातलं त्याला कळतं असं आम्ही दोघंही मानतो.

"सातशे फोटो हातानं लावून राह्यला? काऊन बे? सॉफ्टवेअर कायले असते मंग?"

"कोणतं घेऊ?"

"तीन सांगतो. एक चेहरे ओळखून फोटो लावते. दुसरं फोटो स्वतःच सुधारते, सात दिवस फुकट आहे. तिसरं कायमचं फुकट आहे, पन थे घेऊ नोको."

"काऊन?"

"दिसाले चांगलं नाई."

मी वहीत रकाने आखले: गुण, दोष, शेरा. रकाने आखले की मला जरा बरं वाटतं.

पहिल्या सॉफ्टवेअरने तासभर विचार केला आणि गावातली टोपी आणि मिशी असलेली सगळी माणसं एकाच माणसात जमा केली. त्या एका माणसात माझे बाबाही होते. बैलांसाठी 'प्राणी' म्हणून वेगळी पेटी होती. त्यात बैल होते, दोन कुत्री होती आणि घोंगडी पांघरून बसलेले एक आजोबा होते. मग पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी आले. एका बाजूला पिठाची गिरणी चालवणारे काका, दुसऱ्या बाजूला समोरून घेतलेला त्यांचाच बैल. खाली प्रश्न होता: ही एकच व्यक्ती आहे का?

बाबा मागे येऊन उभे राहिले होते. "काय विचारून राह्यलं थे?"

मी वाचून दाखवलं. बाबांनी दोन्ही फोटो नीट पाहिले.

"खात्री नाई, असं लिहाले जागा हाय का?"

होती. पण काका वयाने मोठे आहेत, म्हणून मी 'नाही' दाबलं आणि ते सॉफ्टवेअर काढून टाकलं.

दुसरं मला फार आवडलं. पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे आभाळ चुलीतल्या राखेसारखं होतं. 'आपोआप सुधारा' दाबल्याबरोबर ते इतकं निळं झालं की मी उठून दारातून खरं आभाळ बघून आलो. खाली 'सर्व फोटोंना लावा' असं बटण होतं. एक्केचाळीस घरांसाठी एकदम काही ठरवायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी ते दाबलं, वहीत 'शेरा: उत्तम' लिहिलं आणि चहा प्यायला गेलो. मी फक्त आभाळं पाहिली, बैल पाहिले नाहीत, हे इथे कबूल करतो.

तालुक्याच्या स्टुडिओतून एक फोटो नमुन्याला छापून आणला. बाबा म्हणाले, तो आधी गिरणीवाल्याला दे, दळण घ्यायला अख्खं गाव तिथे येतं.

काकांनी पिठाचे हात धोतराला पुसले, फोटो उजेडात धरला आणि परत माझ्या हातात दिला.

"हा बैल माहा नाई."

"काका, तुम्ही स्वतः कासरा धरून उभे आहात."

"मी माहाच हाव. बैल माहा नाई."

दळणाच्या रांगेतली दोन माणसं पुढे सरकली. काकांनी बैलाच्या मानेवर बोट ठेवलं. "ह्याचा घट्टा कुठी गेला?"

तेव्हा मी पहिल्यांदा बैलाकडे पाहिलं. जू घासून घासून बैलाच्या खांद्यावर जो काळा, जाड घट्टा पडतो, तो गेला होता. तिथे नवजात वासरासारखी कातडी होती. काकांच्या नातवाने पेला रंगात बुडवून बैलाच्या पाठीवर उमटवलेले गुलाबी गोलही गेले होते.

"तो डाग होता ना काका," मी म्हणालो. "सॉफ्टवेअर डाग काढते."

काकांनी माझा फोटो धरलेला हात रांगेकडे वळवला. "सात वर्सं जू ओढलं त्यानं," ते म्हणाले. "डाग म्हनते."

"आता पाहुन्याले दाखवला तं म्हनतीन, बैल फुकटच बांधून ठेवला," रांगेतला एक जण म्हणाला.

दुपारी जेवताना ताटात भाजी वाढता वाढता आई म्हणाली, "विहिरीवर बाया म्हनून राह्यल्या, पोट्ट्यानं बैलायले पावडर लावली म्हने."

"जेवू दे त्याले," बाबा म्हणाले. संध्याकाळी ते पारावर गेले नाहीत. पाय दुखतो म्हणाले. कोणता, ते आईने विचारलं, तर आधी उजवा सांगितला आणि थोड्या वेळाने डावा.

एक गोष्ट मात्र माझ्या स्वभावामुळे वाचली होती. कॅमेऱ्याच्या कार्डावरचे मूळ फोटो मी पुसले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिसरं सॉफ्टवेअर उतरवलं. ते खरंच दिसायला चांगलं नव्हतं. सगळं करड्या रंगाचं, बटणं मुंगीएवढी. ते चेहरे ओळखत नव्हतं आणि आपण होऊन काही सुधारत नव्हतं. प्रत्येक फोटोखाली एक रिकामी चौकट मात्र होती आणि त्यात मराठीत काहीही लिहिता येत होतं. लिहिलं ते शोधलं की फोटो समोर येत होता. पण लिहायचं काय? मला आमचे दोन सोडून गावातला एकही बैल ओळखता येत नव्हता.

बाबा चहाचा कप घेऊन शेजारी बसले. "दाखव."

मी पहिला फोटो उघडला. त्यात माणसाचं डोकं कापलं गेलं होतं, दिसत होता फक्त बैलाचा खांदा आणि अर्धा कान.

"गिरणीवाल्याचा डावा," बाबा म्हणाले.

"डावा म्हणजे?"

"जुवात डाव्या अंगाले चालते थो. घट्टा पाह्य ना कोनत्या बाजूले हाय. पुढं."

मी टाइप करत गेलो. बाबा खांदा बघत, कपाळावरचा भोवरा बघत, शिंगाचं टोक बघत आणि घर सांगत. एकदा ते म्हणाले, "हा पोलीस पाटलाचा, पन उभा सुताराजवळ हाय. गर्दीत चुकला असन." बैल गर्दीत चुकतो हेही मी चौकटीत लिहिलं. आमचा उजवा आला तेव्हा त्यांनी कोणाचा ते सांगितलं नाही, पण 'पुढं'ही म्हणाले नाहीत. मी थांबलो. कप खाली ठेवून ते म्हणाले, "हं."

दुपारपर्यंत एक्केचाळीस जोड्या लागल्या. मी फक्त उजेड थोडा वाढवला, तोही प्रत्येक वेळी बाबांना विचारून.

"हे चांगलं हाय," बाबा म्हणाले. "इचारल्याबिगर काई करत नाई." वहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात मी तेच लिहून घेतलं.

चतुर्थीला सकाळी, मूर्ती अजून ट्रॉलीतच होती, तेव्हा बाबा आणि मी स्टुडिओतून छापून आणलेल्या फोटोंचा गठ्ठा घेऊन निघालो. पहिलं घर गिरणीवाल्यांचं. काकांनी फोटो घेतला, अंगठ्याने खांद्यावरचा घट्टा चाचपला, गुलाबी गोल मोजले आणि मान हलवली.

"हाव. हा माहा."

बाबांचा पाय त्या क्षणी बरा झाला असावा, कारण ते पुढच्या घराकडे भरभर चालू लागले. मी वळलो तेवढ्यात काकांनी माझी बाही धरली आणि आवाज खाली आणला.

"भाऊ, बैल हाय तसाच राहू दे. पन मी लय काळा दिसून राह्यलो. थे पावडरवालं फक्त माह्या तोंडाले लावता येईन का?"

दुसऱ्या सॉफ्टवेअरचे फुकटचे तीन दिवस अजून शिल्लक होते. मी विचार करून सांगतो म्हणालो. पोलीस पाटलांच्या घरापर्यंत पोचेस्तोवर आणखी चौघांनी माझी बाही धरली होती.