मोकळी काच

नवऱ्याची बँकेतली बदली लखनौला झाली आणि वर्षभरात मलाही अमौसीला, विमानतळाजवळच्या एका ऑफिसात नोकरी लागली. घर महानगर नावाच्या वस्तीत. सकाळी ऑफिसची भाड्याची बस आम्हाला तिथल्याच कपूरथला चौकातून उचलायची आणि निशातगंज, चारबाग, आलमबाग करत अमौसीला सोडायची. मी प्रशासन विभागात, म्हणून बसची कटकट माझ्याकडे. कुणाचा स्टॉप कुठे, खिडकी का लागत नाही, कंत्राटदाराला फोन कुणी करायचा, सगळं मीच बघायचं.

ड्रायव्हर पन्नाशीचे, मलिहाबादकडचे. त्यांना सगळे चाचा म्हणत. समोरच्या काचेवर, त्यांच्या बाजूच्या कोपऱ्यात ७८६ चा हिरवा स्टिकर होता, मी यायच्या आधीपासूनचा. मधोमध चौकटीतला हनुमान होता, तो आमच्या स्टोअरच्या बाबूंनी आणून दिलेला. त्याच्या खाली डॅशबोर्डवर माझा प्लास्टिकचा गणपती. तो काही मी भक्तीने ठेवला नव्हता. एका महिन्यात बस दोनदा आलमबागला बंद पडली तेव्हा चाचा म्हणाले, "मैडम, आप लोगों के गणेश जी भी रखवा दीजिए. इस क्लच से हम तो हार गए." मी ठेवला. क्लच पुढे कंत्राटदाराने बदलला, गणपती राहिला.

बस सुरू करायच्या आधी चाचा उदबत्ती लावून काचेच्या रबरात खोचत. एकच.

"चाचा, एक अगरबत्ती में तीन-तीन?" स्टोअरबाबू चिडवायचे.

"ऑफिस की गाड़ी है, बाबूजी. इसमें सब साझे में जाते हैं."

हे रोजचंच होतं, तरी कुणीतरी हसायचंच.

लखनौत ज्येष्ठातल्या मंगळवारांना बडा मंगल म्हणतात. रस्तोरस्ती हनुमानाच्या नावाने मांडव पडतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, प्रसंगी गाडी अडवून, सरबत आणि पुरी-भाजी देतात. त्या मंगळवारी ऑफिसला पोचायला उशीर व्हायचा आणि साहेबही काही बोलायचे नाहीत. बस कुठल्या मांडवाशी थांबवायची ते चाचा ठरवायचे. "यहाँ नहीं, यहाँ की बूँदी में घी नहीं है," असं म्हणून पुढे न्यायचे आणि मग स्वतः तीन-तीन ग्लास सरबत प्यायचे.

मग त्या डिसेंबरात अयोध्येत जे झालं ते झालं. लखनौत कर्फ्यू लागला. तो उठल्यावर बस पुन्हा सुरू झाली तेव्हा सगळे वेळेवर आले आणि आपापल्या जागी बसले. दोन-तीन दिवसांनी मी चढले तर काचेवर नवा स्टिकर. भगवा, हातभर लांब, त्यावर मोठ्या अक्षरांत घोषणा. देवाचं चित्र नव्हतं, नुसती घोषणा. स्टोअरबाबूंनी तो अशा जागी लावला होता की ७८६ अर्धा झाकला गेला होता आणि सिग्नल बघायला चाचांना मान खाली घालावी लागत होती. चाचांनी उदबत्ती लावली, मान खाली घातली आणि बस अमौसीपर्यंत नेली.

मी बाबूंना म्हटलं, "बाबूजी, उनको रास्ता नहीं दिख रहा. ऊपर लगाइए या निकालिए."

"क्यों? उनका नंबर इतने साल से लगा है, किसी ने कुछ कहा? और मैडम, गणेश जी तो आपके भी हैं."

बस ऐकत होती. खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्यात मला तेव्हा खोट काढता आली नाही.

दुपारी कंत्राटदाराचा फोन आला. त्याला कुणीतरी कळवलं होतं. "मैडम, आप टेंशन मत लीजिए. हम दूसरा ड्राइवर भेज देते हैं. माहौल ठीक नहीं है, चाचा को आम वाले ट्रक पर डाल देंगे."

आंब्याचा ट्रक म्हणजे मलिहाबादहून दसहरी न्यायचं काम. हंगाम उन्हाळ्यात दोन महिने, एरवी घरी बसायचं. हे चाचांनाही कळलं असावं. संध्याकाळी सगळे उतरल्यावर ते दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "मैडम, हमें बस पर रहने दीजिए." एवढंच. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

घरी नवरा म्हणाला, "तुला कुणी सांगितलीये ही पंचायत? दुसरा ड्रायव्हर येऊ दे." मुलगी पोळी खाता खाता म्हणाली, "मम्मी, चाचा को क्यों हटा रहे हैं?" ती मराठी ऐकायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. मी तिला भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना भेटून एक ओळीचा नियम करून घेतला. ऑफिसच्या बसच्या काचेवर काहीही लावायचं नाही, कुणाचंही नाही. मग कंत्राटदाराला फोन केला. "काच पर अब कुछ नहीं रहेगा. झगड़ा खतम. ड्राइवर वही चाहिए." तो कुरकुरला, पण बिल माझ्या टेबलावरून जायचं. तो मानला.

संध्याकाळी बस उभी असतानाच काम उरकलं. गणपती काचेवर नव्हता, तरी आधी तोच मी उचलला आणि पर्समध्ये टाकला. हनुमानाची चौकट बाबूंनी काढली, कपाळाला लावली आणि डब्याच्या पिशवीत ठेवली. भगवा स्टिकर नवा होता, गोंद अजून ओला असावा. एका दमात सालीसारखा निघाला. ७८६ ला मी ब्लेड लावणार तोच चाचा म्हणाले, "ये हम ख़ुद उतारेंगे." तो इतका जुना होता की तुकड्या-तुकड्यांनी निघाला. प्रत्येक तुकडा त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला, एकही खाली पडू दिला नाही. तरी काचेवर हिरवट डाग राहिला. पाण्याने गेला नाही, रॉकेलनेही नाही.

दुसऱ्या दिवसापासून उदबत्ती बंद झाली. बस वेळेवर येई. चाचा सलाम करत, सीटवर बसत, किल्ली फिरवायच्या आधी त्यांचा उजवा हात काचेकडे जाई आणि तिथून स्टिअरिंगवर येई. मी पहिल्या सीटवर बसायची, म्हणून मला ते रोज दिसायचं.

मेमध्ये पहिला बडा मंगल आला. निशातगंजला पोरांनी हात आडवे करून रस्ता अडवला होता, हातात सरबताच्या ग्लासांचे ट्रे. चाचांनी वेग कमी केला आणि मागे न वळता विचारलं, "मैडम, रोकें? ये भी तो नियम में आएगा."

टोमणा होता का खरंच विचारत होते, मला कळलं नाही. आवाज नेहमीचाच होता. सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. नियम मी केला होता, आणि काचेपुरताच केला होता. रस्त्यावर काय असावं याचा मी विचारच केला नव्हता.

"ये काच पर नहीं है," मी म्हटलं. "रोकिए."

बस थांबली. पोरं खिडक्यांशी आली. सगळ्यांनी घेतलं. स्टोअरबाबू एक ग्लास घेऊन पुढे आले आणि चाचांसमोर धरला. "लीजिए चाचा, गरमी बहुत है." वाईट माणूस नव्हता तो.

"शुक्रिया बाबूजी. चलाते वक़्त हम नहीं पीते."

बाबूंनी ग्लास डॅशबोर्डवर ठेवला, जिथे माझा गणपती असायचा तिथे, आणि जागेवर जाऊन बसले. चाचांनी गिअर टाकला. चारबागच्या वळणावर ग्लास सरकला, आलमबागच्या खड्ड्यांत हिंदकळला. मी हात पुढे करून धरू शकले असते. धरला नाही. अमौसी येईपर्यंत अर्धं सरबत डॅशबोर्डवरून खाली ओघळलं होतं.

सगळे उतरले. चाचांनी उरलेलं सरबत बाहेर ओतलं आणि काच पुसायच्या फडक्याने डॅशबोर्ड पुसला.

"शाम को वही टाइम, मैडम?"

"वही टाइम."

आजही कुणी विचारलं तर मी म्हणेन, बसच्या काचेवर काही असू नये. काच रस्ता बघायला असते. आमचं कंत्राट होतं तोवर चाचा त्या बसवर राहिले, एक दिवसही उशीर केला नाही. मी कंत्राटदाराकडे तेवढंच मागितलं होतं.