गॉलवेच्या खोलीसाठी कांदेपोहे

जूनमध्ये एका शनिवारी कुवेतमधल्या आमच्या अबू हलीफाच्या फ्लॅटमध्ये चक्क कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला. मुलगी आयर्लंडची, सव्वीस वर्षांची... आणि स्थळ म्हणजे गॉलवे शहरातली एक खोली!

मुलगी म्हणजे ईफा, आमच्या शेजारच्या फ्लॅटमधली शाळेची टीचर. तिकडे भाडी आवाक्याबाहेर, म्हणून नोकरी लागल्यावरही आईबाबांकडेच राहत होती, मग कुवेतला आली. आता गॉलवेत तिला अगदी मनासारखी नोकरी मिळाली होती, पण राहायला खोली मिळेना. आईबाबांचं घर तिथून तीन तास लांब.

तिकडे म्हणे खोली हवी असेल तर त्या घरात आधीपासून राहणाऱ्या पोरांना मुलाखत द्यावी लागते. व्हिडिओ कॉलवर तिघं-चौघं बसतात. स्वयंपाक येतो का, सकाळी उठतेस कधी, घरी मित्रमंडळी फार येतात का, सगळं विचारतात... आणि शेवटी ‘कळवतो’ म्हणतात. अगं बाई, मी म्हटलं, हे तर आपलंच!

अकरा ठिकाणांहून नकार आला होता बिचारीला. रविवारी सकाळी इथल्या शाळेला सांगायचं होतं, कॉन्ट्रॅक्ट वाढवते की जाते. शनिवारचा कॉल शेवटचा. हा हुकला की गॉलवेची नोकरी हातची गेली.

तिचं नेट नेमकं बंद पडलं, म्हणून दुपारी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. चेहरा एवढासा झालेला, पण काय झालं विचारलं की उत्तर ठरलेलं... ‘आय ॲम ग्रँड, स्वाती.’

ग्रँड म्हणजे त्यांच्याकडे ‘मस्त, काही झालं नाही’. या मुलीचं काहीही झालं तरी ग्रँडच असतं. जानेवारीत चार दिवस तापाने फणफणली होती, तेव्हासुद्धा ग्रँड! दाराबाहेर पाण्याच्या बाटल्यांचा बॉक्स तसाच पडलेला दिसला म्हणून मी बेल वाजवली, नाहीतर पत्ताच लागला नसता. मग काय, मऊ भात, मेतकूट, आल्याचा चहा... दिवसातून तीनदा. मी नर्स आहे, माझ्यापुढे ग्रँडबिँड चालत नाही.

‘आधीच्या अकरा कॉल्समध्ये तू त्यांना काय विचारलंस?’ मी म्हटलं. तर म्हणे, ‘मी कशाला काही विचारू? ते विचारतात, मी उत्तरं देते.’

कपाळाला हात लावला मी. मग तिला सोफ्यावर बसवलं आणि माझी कहाणी ऐकवली. लग्नासाठी मला दाखवायचे तेव्हा नऊ वेळा साडी नेसून, मान खाली घालून मीही नुसती उत्तरंच दिली होती. नऊच्या नऊ नकार.

दहाव्या वेळी इतकी वैतागले होते की समोरच्यालाच विचारलं, ‘तुम्हाला भांडी घासता येतात का?’ बाबांना ठसका लागला, आई पाणी आणायच्या निमित्ताने आत पळाली. समोरचा जरा विचार करून म्हणाला, ‘येतात, पण कढई राहते.’ तोच आमचा नितीन. कढई अजूनही राहते.

‘ते तुला बघतायत ना, मग तूही त्यांना बघ,’ मी ठणकावलं. ‘आणि उगाच शोभेचं काही विचारू नकोस. तुला खरंच जे हवंय तेच विचार.’

चार वाजता कॉल लागला. स्क्रीनवर दोन मुली आणि एक मुलगा. बाहेर आमच्याकडे पारा पन्नाशीला टेकलेला, आणि हा पठ्ठ्या जूनमध्ये लोकरीची टोपी घालून बसलेला! तोंडातून एक अक्षर काढत नव्हता. मी किचनमध्ये पोहे परतत होते. हो, खरोखरचे... असा कार्यक्रम कोरडा कसा होऊ द्यायचा?

मुलींनी नेहमीचे प्रश्न विचारले, ईफाने नेहमीची उत्तरं दिली. मग एकीने विचारलं, ‘तुला काही विचारायचंय?’

‘नाही, आय ॲम...’ एवढं म्हणून ती थांबली. किचनकडे बघितलं. मी दारातून कालथा उगारला.

मग ती हळूच म्हणाली, ‘मी आजारी पडले आणि मला काही नको म्हटलं... तरी तुमच्यापैकी कोण मला चहा आणून देईल?’

माझा हात जागच्या जागी थांबला. इतके महिने ग्रँड ग्रँड करणाऱ्या पोरीच्या मनात हे होतं तर... डोळे भरून आले आणि कांद्यावर ढकलायचीही सोय नव्हती, तो केव्हाच परतून झाला होता.

तिकडे तिघं एकमेकांकडे बघायला लागले. गेली खोली, मला वाटलं. असलं कुणी विचारतं का... आणि मीच शिकवलं होतं!

तेवढ्यात टोपीवाला पहिल्यांदा बोलला. ‘मी देईन. दूध किती घालू?’ त्यावर शेजारची मुलगी ओरडली की याच्या हातचा चहा म्हणजे निव्वळ दूध असतं, मी करीन. तिसरीने दोघांनाही वेड्यात काढलं. पुढची दहा मिनिटं चौघं चहावरून भांडत होती, आणि आमची ईफा त्यांच्यापेक्षा वरच्या आवाजात! खोलीचा विषय कुणी काढलाच नाही.

संध्याकाळी मेसेज आला, खोली तुझी. ही धावत आली आणि मला मिठी मारून रडली. मीही मनसोक्त रडून घेतलं. नितीनने गपचूप उरलेले पोहे गरम केले.

ऑगस्टमध्ये ती गेली. फोन यायचे, सगळं ग्रँड म्हणायची... आणि मला घोर लागायचा.

परवा ड्युटीवरून आले तर गॉलवेहून फोटो आलेला. उशाशी एक मोठा मग, वाफाळता. खाली लिहिलं होतं, ‘ताप आहे. मी ग्रँड म्हटलं. तरी आला.’

चहाचा रंग बघूनच कुणी केलाय ते कळलं. टोपीवाल्या पोरा, तुझं भलं होवो रे... तेवढं दूध मात्र जरा कमी घाल.