फुकटचे आठ ट्रॅक आणि वन्सं

चादरीची दोन टोकं माझ्या हातात होती, दोन वन्संच्या. एक घडी झाली होती आणि दुसरीसाठी आम्ही एकमेकींकडे चालत निघालो होतो, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी टोकं सोडूनच दिली. वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. हातातलं काम अर्धवट टाकणाऱ्यांतल्या त्या नव्हेत, पण फोन पिपाणीच्या घरून होता.

पिपाणी ही त्यांची शेवटची विद्यार्थिनी. आवाज बारीक नि टोकदार, म्हणून वन्संनीच ठेवलेलं नाव. वडिलांची बदली झाली आणि पोरगी परगावी गेली. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी फोनवर शिकवणी चालायची. पेटी वाजवायला हात मोकळे हवेत, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. त्यामुळे तिच्या आईचं बोलणं मलाही ऐकू आलं.

"बाई, राग मानू नका. फोनवर सूर मागेपुढे होतो, मध्येच अडकतो. इथे कोपऱ्यावर एक क्लास आहे. पण ही हटून बसलीय, शिकेन तर बाईंकडेच. तुम्ही गाणं रेकॉर्ड करून पाठवलंत तर सराव तरी होईल. नाहीच जमलं, तर पुढच्या महिन्यात क्लासात नाव घालते."

"जमेल की," वन्सं म्हणाल्या. काय जमवायचं, हे त्यांना कुठे ठाऊक होतं! फोन ठेवून त्या आपल्या मागच्या खोलीत गेल्या. मी हनुवटीखाली धरून चादर एकटीनंच घडी केली.

वन्संनी लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. एका घरात राहायचं तर काही दारं ढकलून बघू नयेत. त्यांचा संसार म्हणजे ती मागची खोली, पेटी आणि शिकायला येणारी मुलं. मी लग्न होऊन आले तेव्हा दाराशी चपलांचा एवढा ढीग असायचा की एकदा पोस्टमननं हळूच विचारलं, "घरात काही बरंवाईट झालं नाही ना?" पुढे कुणाची परीक्षा आली, कुणाला खेळाचं वेड लागलं, कुणी न सांगताच यायचं थांबलं. चपला कमी होत होत एका जोडावर आल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं एक माइक दाखवला आणि तो लॅपटॉपला जोडायची एक डबी. डबीबरोबर रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणाला.

"पण ताई, हे नुसतं चाखायला असतं बरं का. आठच ट्रॅक मिळतात. म्हणजे आठच आवाज वेगवेगळे घेता येतात. खरं काम करायचं तर मोठं सॉफ्टवेअर घ्या."

"आठ?" वन्सं म्हणाल्या. "अहो, मला दोन तोंडं असती तरी सहा उरले असते."

"त्या मोठ्यात बेसूर आवाज आपोआप सुरात येतो."

"मग मी काय करायचं? टाळ्या वाजवायच्या?"

आम्ही फुकटचंच घेऊन आलो.

लॅपटॉप आमच्या ह्यांचा. पहिले काही दिवस डबीवरचा दिवा लागे, पण आवाज काही आत जाईना. ऐकायचं कुठून आणि बोलायचं कुठून हे सॉफ्टवेअरला एकदा सांगावं लागतं, ते आम्हाला उशिरा कळलं. मग वन्संनी पहिल्या ट्रॅकवर पेटी घेतली आणि दुसऱ्यावर गायला बसल्या. हेडफोन केसांत अडकतो म्हणून बाजूला काढून ठेवला, तर पेटीचा आवाज गाण्याच्या ट्रॅकमध्येही शिरला. "एका घरात दोन पेट्या भांडतायत," असं म्हणून त्यांनी सगळं पुसलं नि पुन्हा पहिल्यापासून. पंखा बंद, खिडकी बंद, मीही स्वयंपाकघरात भांडं वाजू देत नव्हते.

पण खरी अडचण यंत्राची नव्हती. वन्संना समोर कुणी असल्याशिवाय गाता येईना. इतक्या वर्षांत त्या एकट्या बसून कधी गायल्याच नव्हत्या. त्यांची शिकवायची रीत ठरलेली. आपण एक ओळ गायची, मग "हं" म्हणायचं आणि गप्प बसायचं. मुलानं ती ओळ परत गायची. चुकली तर पुन्हा तीच. मुलाबरोबर स्वतः गायचं नाही, नाहीतर मूल आपल्या आवाजाच्या आडोशाला लपतं, असं त्यांचं म्हणणं.

दाराच्या फटीतून मी पाहायची. माइकसमोर त्या ओळ गायच्या, "हं" म्हणायच्या आणि समोरच्या रिकाम्या सतरंजीकडे बघत थांबायच्या. पिपाणीला ओळ गायला जेवढा वेळ लागतो, अगदी तेवढा वेळ. मध्येच मान हलवायच्या. एकदा तर "खालचा सूर सांभाळ," असंही म्हणाल्या, मग ओशाळून दाराकडे पाहिलं. मी बाजूला झाले. देवापुढे रोज बसणाऱ्याला हे नवं नाही. आपण बोलायचं, थांबायचं. पण देव तिथे आहे एवढी तरी आपली खात्री असते. वन्संच्या सतरंजीवर कुणीच नव्हतं.

अखेर पूर्ण गाणं झालं. त्या दमून पडल्या होत्या, म्हणून पाठवायचं काम ह्यांच्याकडे आलं.

आता आमच्या ह्यांचं सांगायला हवं. हे काचसामानाच्या गोदामात माल बांधतात. खोक्यात बोटभर जागा रिकामी राहिली की माल हलतो आणि फुटतो, हे ह्यांच्या हाडीमांसी भिनलंय. घरातही डब्यात डबा, डब्यात वाटी, वाटीत चमचा. त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये गाणं उघडलं तर जागोजाग रिकामं. शोधता शोधता एक सोय सापडली, शांत जागा आपोआप कापून टाकायची. कापलं, तुकडे एकाला एक भिडवले, साठवलं आणि लॅपटॉप बंद करून खुशीत बाहेर आले. "अक्का, तुझं निम्मं गाणं हवाच होती. कसं ठासून भरलंय बघ."

सुदैवानं पाठवण्याआधी वन्संनी ऐकलं. ओळ, हं, ओळ, हं, ओळ, हं. दम घ्यायला जागा नाही. कुणीतरी मागे लागल्यासारखा त्यांचाच आवाज धावत होता.

त्या ओरडल्या नाहीत. हेडफोन काढून म्हणाल्या, "अरे, पोरगी कुठे गेली?"

"कोण पोरगी?"

"तिच्या सगळ्या ओळी कापल्यास तू."

"अक्का, तिथे काहीच नव्हतं गं!"

"तुला ऐकू येत नव्हतं," एवढंच बोलून त्या उठल्या. रात्री जेवल्या नाहीत. हे ताटावर बसून नुसते भात चिवडत राहिले.

सकाळी ह्यांनीच दुकानदाराला फोन लावला. तो हसला. मूळ रेकॉर्डिंग त्या कामाच्या फोल्डरमध्ये जसंच्या तसं राहतं म्हणे, कापाकापी नुसती वर दिसते. जुनी फाइल आत ओढली आणि खरंच, सगळ्या मोकळ्या जागांसकट गाणं परत आलं. ह्यांनी मोठा सुस्कारा सोडला. वन्संनी स्वतःच्या हातानं ते पाठवलं.

गल्लीतली एक बाई मला विचारत होती, भाचीला गाणी रेकॉर्ड करायची आहेत, डबीबरोबर येणारं ते फुकटचं चालतं का? मी सांगितलं, एक माणूस, एक पेटी एवढंच असेल तर खुशाल वापर. आमचे सहा ट्रॅक अजून कोरे पडलेत. आवाज स्वच्छ येतो, चुकलं तर मूळ काही हरवत नाही. मोठ्याची गरज लागेल तेव्हा लागेल. फक्त हेडफोन घाल, आणि माल बांधणाऱ्या माणसाला जवळ फिरकू देऊ नकोस.

गुरुवारी दुपारी वन्सं नेहमीप्रमाणे पेटी पुढ्यात घेऊन बसल्या. फोन आला.

"बाई, म्हणून दाखवू?" पिपाणीनं अख्खं गाणं म्हटलं. फोनवर एकटीचाच आवाज, त्यामुळे अडकण्याचा प्रश्नच नव्हता. एकही सूर हलला नाही. दोन ओळींच्या मध्ये तीही वन्संसारखंच "हं" म्हणत होती. आम्ही दोघी हसलो.

"शाब्बास! पुढचं गाणं गुरुवारी—"

"बाई, गुरुवारी आता फोन नको ना? मी तुम्हाला रोज लावते, त्या रेकॉर्डिंगमधून. शाळेतून आले की लावते, कंटाळा आला की बंद करते. आणि आईनं गुरुवारी मला पोहायला घातलंय."

मागून आई म्हणाली, "क्लासाचा विषय संपला हो बाई. आता तुम्हीच. पुढचं गाणं झालं की पाठवा."

"पाठवते," वन्सं म्हणाल्या. "पोहायला जा हो. नाकात पाणी जाऊ देऊ नकोस, आवाज बसेल."

फोन बंद झाला. शिकवणी टिकली होती. त्यांनी पेटीचा भाता मिटवला आणि तशाच बसून राहिल्या. मी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. आत डोकावले तर त्या घड्याळाकडे बघत होत्या. तासातला बराचसा वेळ अजून शिल्लक होता.

"गुरुवारी दुपारी तुझं काय काम असतं गं?" त्यांनी विचारलं.

"विशेष नाही. इस्त्रीचे कपडे आणायचे असतात. मी आणते की, वन्सं."

"नको. तू पड जरा."

पुढच्या गुरुवारी इस्त्रीचे कपडे आणायला वन्सं जाणार आहेत.