दुसऱ्या भागाला पहिल्याचा संदर्भ

आमच्या आलापल्लीच्या लाकूड आगारात सागाची लाकडं साठतात, तसेच किस्सेही साठतात. लाकडं निदान लिलावात जातात. किस्से कोणी नेत नाही, मग ते आमच्याच डोक्यावर बसतात. सध्या सगळ्यात मोठी थप्पी आहे एका गेमची. हो, मोबाईलवरच्या गेमची. आम्ही चौघं, त्यात सगळ्यात लहान मी, तोही चाळिशी ओलांडलेला. आणि पंधरा दिवस आमची एका गोष्टीवरून तोंडं वाकडी होती. कोड्यांच्या गेमचा दुसरा भाग आला, तर आधी पहिला खेळायलाच पाहिजे का?

मी म्हणतो, काही गरज नाही. माझं मत आजही तेच आहे. पण ऐका.

*

सुरुवात रामटेके बाईंपासून. बाई आमच्याकडे आवक-जावक सांभाळतात. आलेलं पत्र नोंदवायचं, गेलेलं पत्र नोंदवायचं. माहेर-सासर दोन्ही ब्रह्मपुरीकडचं. एकुलती एक पोरगी प्रणाली पुण्याला. कॉम्प्युटरचं शिकली, चांगली नोकरी धरली, आणि ती सोडून गेम बनवणाऱ्या चार पोरांत जाऊन बसली. बाईंना त्याचंही एवढं काही नव्हतं.

लागलं ते वेगळंच. बाई पुण्याला गेल्या होत्या. पोरीचे दोस्त घरी आले. बाईंनी मोठ्या प्रेमानं विचारलं, "का जी पोराहो, सकारपासून जेवले का नाई?" पोरं हसली. पोरीनं कानात सांगितलं, "आई, यांच्यासमोर जरा नीट बोल ना."

आता ब्रह्मपुरी-मूलकडे बोलण्यात 'ळ' नसतोच, त्याच्या जागी 'र' येतो. त्यात नीट नसण्यासारखं काय आहे? लिहिताना आम्ही सगळी सरकारी माणसं, 'ळ' जिथल्या तिथं घालतो.

तेव्हापासून बाई पोरीशी फोनवर नीट बोलतात. रेंजसाठी सागाच्या थप्पीवर चढून बोलायच्या, आम्ही खाली रोज ऐकायचो. "होय. जेवण झाले. प्रकृती ठीक आहे. ठेवते." पोरीशी बोलतात की वरिष्ठ कार्यालयाशी, तेच कळायचं नाही. फोन ठेवला की म्हणायच्या, "माह्या पोरीले माही बोली आवडत नाई जी." मग अर्धा तास कोणाशीच बोलायच्या नाहीत. वाईट वाटायचं हो. बाई गप्प बसल्या की आमच्या ऑफिसात दम राहत नाही.

*

एक दिवस पोरीचा निरोप आला. "आई, हा आमचा गेम. शेवटच्या दारापर्यंत खेळ. मी पंधरा दिवसांनी येते, तेव्हा बोलू."

गेमचं नाव 'बंद घर', भाग दुसरा. सगळा मराठीत. घरात अडकायचं आणि एकेक दार उघडत बाहेर पडायचं. दरेक दाराला कोडं.

बाईंनी ते भलतंच मनावर घेतलं. "शेवटापर्यंत नाई पोचली, तर पोरगी म्हणन, आईले बोलताई येत नाई अन् समजतई नाई."

इथं आमचे हेडक्लार्क गावतुरे भाऊ मध्ये पडले. भाऊ मूलचे. तीस वर्षं फायली हाकल्यात. त्यांनी चष्मा खाली करून मोबाईल पाहिला. "बाई, हा दुसरा भाग हाये. पयला कुठी हाये?"

"पयला माह्या पोरीचा नाई. ते त्याच्यानंतर गेली तिथी."

"म्हंजे तो संदर्भ झाला. मागचं पत्र पाह्यल्याबिगर मी पुढच्या पत्रावर सही करतो का?"

"नाई."

"मंग?"

मी म्हणालो, "भाऊ, गेम हाये तो. फाईल नाई."

भाऊंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "सगरं फाईलच असते बाबा. तुले अजून नोकरी समजली नाई."

*

आमच्याकडे रेंज सागाच्या थप्पीवर चढल्याशिवाय येत नाही. आणि चढलं तरी एका दिवसात एकच भाग मोबाईलवर उतरला असता, तोही नशीब असेल तर. म्हणून कोणता भाग आधी उतरवायचा, यावर मतं घेतली. भाऊ पहिल्याच्या बाजूनं. मी आणि आमचे वनरक्षक मडावी दुसऱ्याच्या बाजूनं. बाई म्हणाल्या, "भाऊ म्हनते तेई खरं, अन् हा म्हनते तेई खरं." याला मत म्हणत नाहीत.

शेवटी कागदावर लिहून साहेबांना विचारलं. साहेब घाईत होते. त्यांना वाटलं रजेचा अर्ज आहे. त्यांनी कागदावर शेरा मारला, 'नियमाप्रमाणे करावे'.

नियम कोणता, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही. पहिला भाग उतरवला.

*

पहिल्या भागातली पहिलीच खोली. काचेचं कपाट, आत किल्ली. टेबलावर हातोडा. शेंबडं पोरही काच फोडून किल्ली घेईल.

बाईंनी तीन दिवस घेतले.

"फोडा ना बाई काच," मी म्हणालो.

"कोनाची हाये?"

"कोनाची नाई. गेममधली हाये."

"गेमवाल्याची हाये ना? मंग पंचनामा कोन करन?"

चौथ्या दिवशी बाईंनी त्या खोलीतली एकेक वस्तू वहीत उतरवून घेतली. पंखा एक, खुर्ची एक, सतरंजी एक. असं लिहिता लिहिता सतरंजी सरकवली, तर खाली दुसरी किल्ली. कपाट न फोडता उघडलं. प्रणालीला कळवलं, तर ती म्हणाली, ती किल्ली तिथं आहे हे गेम बनवणाऱ्यांतल्या एकालाच माहीत होतं, आणि खेळणाऱ्यांपैकी आजपर्यंत कोणाला सापडली नव्हती.

बाई फोनवर म्हणाल्या, "होय. सापडली. ठेवते."

*

मडावींनी शेऱ्याला जुमानलं नाही. त्यांनी आपल्या मोबाईलवर दुसराच भाग आधी घेतला. जंगलात फिरणारा माणूस, त्याला संदर्भ कशाला लागतो? मला बरं वाटलं, माझ्या बाजूनं कोणीतरी सिद्ध करून दाखवेल.

दुसऱ्या भागात घराच्या मागं एक बगिचा आहे. चार वाटा. एका वाटेवर वाघाचे पंजे उमटलेले. गेममध्ये लिहिलंय, पंजांच्या मागं जा म्हणजे दार सापडेल.

मडावी उलटे गेले.

लगेच वर अक्षरं आली, 'तुम्ही हरलात'. मडावींनी पुन्हा सुरू केलं, पुन्हा उलटे गेले, पुन्हा हरले. असं सात वेळा.

मी म्हणालो, "मडावी, एकडाव पंजाच्या मागं जाऊन तर पाहा. चित्रातला वाघ हाये."

मडावी म्हणाले, "वाघाच्या मागं कोनी जाते का? हरलो तं हरलो, जित्ता तं हाओ."

त्यांनी गेम काढून टाकला. माझी बाजू तिथंच पडली.

*

तिकडे गावतुरे भाऊंनी पहिला भाग पूर्ण केला, आणि कसा, तर दर दाराची टिपणी लिहून. दार क्रमांक एक, कोडं अमुक, उत्तर तमुक. अशी बारा दारं. पानांना भोक पाडून, दोरी ओवून फाईल केली. वर लिहिलं, 'बंद घर, भाग १, संदर्भासाठी'.

मग दुसरा भाग उतरवून बाई त्याला बसल्या. भाऊ शेजारी फाईल घेऊन. आणि सांगायला वाईट वाटतं, पण फाईल उपयोगी पडली. पहिल्यात पेटी जशी उघडत होती, तशीच दुसऱ्यात. पहिल्यात घड्याळ उलटं फिरवायचं होतं, दुसऱ्यातही उलटंच. भाऊ दर दाराला माझ्याकडे पाहायचे. मी लाकडं मोजायला बाहेर निघून जायचो.

*

शेवटचं दार आलं तेव्हा प्रणाली यायला दोन दिवस राहिले होते. दुपारच्या सुट्टीत आम्ही सगळे बाईंच्या टेबलाभोवती उभे. दारावर कोडं होतं.

'दोघे सख्खे शेजारी. जन्मभर एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. कोण?'

खाली दोन अक्षरांसाठी दोन चौकोन. आणि सूचना, सहा वेळा चुकलात तर पुन्हा पहिल्या दारापासून.

बाईंनी मोबाईल आमच्याकडे दिला. "तुमीच करा जी. माह्यानं चुकन."

भाऊ हसले. फाईल उघडली. "दार क्रमांक अकरा. हेच कोडं पयल्यातई होतं." आणि त्यांनी ठसठशीत टाईप केलं, 'डोळे'.

दार उघडलं नाही.

भाऊंनी काना-मात्रा तपासल्या. पुन्हा 'डोळे'. दार ढिम्म. मी 'नेत्र' केलं. नाही. मडावींनी 'कान' केलं, तेही शेजारीच आहेत. नाही. आवाज ऐकून साहेब आले, आणि साहेब आले म्हणजे त्यांना नाही म्हणता येत नाही. त्यांनी 'चक्षू' केलं.

पाच झाले. भाऊंचा चेहरा उतरला. "गेमच चुकला हाये," ते म्हणाले. "संदर्भाप्रमाणं उत्तर बरोबर हाये."

बाई खुर्चीत खाली मान घालून बसल्या होत्या. "जाऊ द्या," म्हणाल्या. "नाईच जमलं."

मडावींचे डोळे तेज. त्यांनी मोबाईल जवळ धरला. "बाई, दाराच्या खाली बारीक लिवून हाये. दार बनवणारी, प्रणाली."

"बाकीच्या दारावर?"

"बाकीच्यावर दुसऱ्याइचे नाव होते. हे एकच तिचं हाये."

बाईंनी मोबाईल हातात घेतला. नाव स्वतः वाचलं. मग एका बोटानं, सावकाश, दोन अक्षरं टाईप केली.

'डोरे'.

"अहो बाई, अशुद्ध हाये ते," गावतुरे भाऊ ओरडले.

दार उघडलं.

बाईंनी पदर डोळ्यांना लावला, तसाच थोडा वेळ धरला, आणि मग उठून बाहेर सागाच्या थप्पीवर चढल्या. पन्नाशी उलटलेली बाई, पण कोणाचा हात धरला नाही. वरून फोन लावला. आम्हाला खाली सगळं ऐकू येत होतं.

"प्रनाली, दार उघडलं वो माय. आता तुह्या त्या दोस्ताइले घेऊन ये घरी. मी बोलतो त्याइच्याशी."