गायरानातली शर्यत

आज आमच्या डोंगरावरच्या गायरानात शर्यत व्हती. डोंगर प्लॉटवाल्यांनी गिळू नये, म्हनून वर्गणी जमवाया शहरातली पोरं पळत व्हती. मी गवताचा भारा घेऊन उतरत व्हते. वझंवाल्याला आधी वाट द्यायची, ही डोंगरातली रीत. ती ठाऊक नसूनबी एक पोरगी धापा टाकत कडंला सरली.

"आजी, आधी तुम्ही या."

"तुझा नंबर जाईल की गं."

"जाऊ दे. नाहीतर तुम्हीपण पळा आमच्याबरोबर," ती हसली.

धनी गेले, भाऊबंदांनी शेत घेतलं, तवा याच गवतावर म्हैस राखून लेकरं वाढवली. हितं मला कुनी हुसकलं न्हाई, कारन हे समद्यांचं.

"पळता न्हाई येत, बाई," मी म्हनलं. "पर कुंपनाच्या तारा ठोकाया कुनी आलं, तर वाटंत बसता येतंय."